चौकात थांबायला शिकवणारे ड्रायव्हिंग स्कूल: नागपूरमधील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

नागपुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल निवडताना आपण साधारणपणे तीन गोष्टी विचारतो: फी किती, गाडी कोणती आणि पक्के लायसन्स मिळेपर्यंत शाळा सोबत राहते की नाही. माझ्या मुलीने या वर्षी चारचाकी शिकली आणि त्या काळात बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसून मी ते शिक्षण जवळून पाहिले. त्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, या तिन्ही प्रश्नांच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. शिकणाऱ्याला चौकात थांबायला कसे शिकवता, हे विचारावे. गाडी पुढे नेणे, गियर बदलणे, वळवणे हे कोणत्याही शाळेत थोड्या सरावाने जमू लागते. सिग्नल नसलेल्या चौकात किंवा ‘थांबा’ फलकापाशी गाडी पूर्ण थांबवणे, दोन्ही बाजूंचे पाहणे, आपली पाळी ओळखणे आणि मगच निघणे हे मात्र कोणी मुद्दाम शिकवल्याशिवाय येत नाही, आणि ते मुद्दाम शिकवणाऱ्या शाळा मला फार थोड्या दिसल्या.

ही शाळा प्रतापनगर आणि त्रिमूर्तीनगरच्या पट्ट्यात आहे. चांगल्याबरोबर काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे मी तिचे नाव देत नाही. वाचणाऱ्याला आपल्या भागातील शाळा पारखता याव्यात, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

पहिला दिवस गाडीत जात नाही, याचे आम्हाला आधी आश्चर्य वाटले. कार्यालयाच्या मागच्या खोलीत एका मोठ्या टेबलावर चौकाचा आराखडा रंगवलेला आहे, त्यावर छोटे सिग्नल आणि फलक उभे केलेले आहेत आणि खेळण्यातल्या चार-पाच गाड्या ठेवलेल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार परवानाधारक शाळेकडे रस्त्याच्या आराखड्याचा असा फळा, सिग्नलच्या प्रतिकृती आणि वाहतूक चिन्हांचे तक्ते असणे अपेक्षितच आहे. अनेक ठिकाणी ते तपासणीपुरते भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. येथे ते वापरले जातात. सरांनी एक गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवली, दुसरी मोठ्या रस्त्यावर ठेवली आणि मुलीला विचारले, “ताई, आता कोण जाईल पहिले?” तिने उत्तर दिल्यावर त्यांनी मोठ्या रस्त्यावर उजवीकडून एक मोटारसायकल आणली, मग डावीकडून बस, मग झेब्रा क्रॉसिंगवर एक माणूस. अर्ध्या तासात त्या टेबलावर एवढ्या परिस्थिती मांडून झाल्या की, रस्त्यावर त्या सगळ्या भेटायला काही महिने लागले असते.

फलकाच्या आकाराबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला विशेष आवडले. आपल्याकडील आदेशात्मक फलक सर्वसाधारणपणे गोल असतात. ‘थांबा’ हा फलक मात्र लाल रंगाचा आणि आठ कोनांचा असतो, आणि ‘रस्ता द्या’ हा फलक टोक खाली असलेला त्रिकोण असतो. हे दोन आकार दुसऱ्या कोणत्याही फलकाला दिलेले नाहीत. त्यामुळे रंग उडाला, वर धूळ बसली, कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पोस्टर चिकटवले किंवा फलक आपल्याला पाठमोरा दिसला, तरी नुसत्या बाह्यरेषेवरून तो ओळखता येतो. पाठमोरा फलक ओळखण्याचा उपयोग हा की, समोरच्या किंवा बाजूच्या रस्त्यावरील चालकाला थांबण्याचा आदेश आहे हे आपल्याला कळते. अर्थात तो थांबेलच असे गृहीत धरायचे नाही, हेही सरांनी त्याच वाक्यात सांगितले.

या दोन फलकांतला फरक बहुतेक वाहनचालकांना ठाऊक नसतो, आणि मी स्वतः वर्षानुवर्षे दुचाकी चालवत असूनही तो इतक्या नेमकेपणाने कधी कोणाकडून ऐकला नव्हता. ‘रस्ता द्या’ असेल तेथे वेग कमी करायचा, पाहायचे आणि मुख्य रस्ता खरोखर मोकळा असेल तर न थांबता जाता येते. ‘थांबा’ असेल तेथे रस्ता रिकामा असला, दूरवर कोणी दिसत नसले, तरी चाके पूर्ण थांबलीच पाहिजेत. रस्त्यावरील रेषाही तसाच फरक सांगतात. थांबण्याची रेषा पांढरी, जाड आणि अखंड असते, तर रस्ता देण्याच्या जागी तुटक रेषा आखलेली असते. जेथे ‘थांबा’ फलक लावलेला असतो तेथे बहुधा झाड, भिंत, वळण किंवा उतार यांमुळे येणारी वाहने वेळेत दिसत नाहीत. चालत्या गाडीतून तेथे पुरेसे दिसणार नाही, असे रस्ता आखणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. त्यामुळे “मला सगळे दिसत होते, म्हणून मी थांबलो नाही” हे म्हणणे तेथे टिकत नाही.

प्रत्यक्ष गाडीतला भाग ही या शाळेची खरी कमाई आहे. गाडी जुनी वॅगन आर आहे, क्लच जरा जड आहे, पण शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि क्लच आहे आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ स्पष्ट दिसतो. पहिले काही दिवस त्यांनी मुलीला बजाजनगर, लक्ष्मीनगर आणि आसपासच्या लेआउटमधल्या शांत रस्त्यांवर नेले. या भागाची रचना चौकटीसारखी आहे, शंभर-दीडशे मीटरवर एक छेदरस्ता येतो आणि त्यातल्या फार थोड्या ठिकाणी सिग्नल आहे. त्यामुळे एका फेरीत थांबण्याचा सराव पुन्हा पुन्हा होतो. फलक असो वा नसो, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येताना प्रत्येक वेळी फलक आहे असे समजून थांबायचे, असा त्यांचा दंडक आहे. नागपूरच्या वस्त्यांमध्ये फलक क्वचित असतात आणि असलेले कधी कडुनिंबाच्या फांदीमागे जातात, कधी विजेच्या डीपीमागे. हे पाहता मला हा दंडक अगदी योग्य वाटतो.

थांबण्याची क्रिया त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी शिकवली. चौक दिसला की, आधी मधला आरसा पाहायचा, कारण मागे कोण किती जवळ आहे यावर ब्रेक किती आधी सुरू करायचा हे ठरते. मग ब्रेकवर हलका पाय ठेवायचा, म्हणजे मागचे दिवे लागतात आणि मागच्याला आपला विचार कळतो. वेग उतरत गेला की, इंजिन बंद पडण्याच्या थोडे आधी क्लच दाबायचा. शिकाऊ चालक घाबरून क्लच फार लवकर दाबतात आणि मग गाडी इंजिनाच्या धाकातून सुटून घरंगळत रेषेपुढे जाते, हे त्यांनी रिकाम्या रस्त्यावर करून दाखवले. गाडीचे पुढचे टोक रेषेच्या अलीकडे थांबले पाहिजे. रेषा नसेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे, आणि तेही नसेल तर आडव्या रस्त्याची कड जेथे सुरू होते तिच्या अलीकडे. गाडी उभी राहिली की पहिला गियर, आणि मग पाहणे.

येथे त्यांचा सगळ्यात मोठा आग्रह दिसला. मुलगी थांबल्यासारखे करी, वेग अगदी कमी होई, पण चाक पूर्ण थांबत नसे. सर म्हणाले, “ताई, खिडकीतून खाली बघा. रस्ता अजून सरकून राहिला नं? म्हणजे आपण थांबलो नाही.” त्यानंतर त्यांनी एक खूण दिली. गाडी पूर्ण थांबते तेव्हा शरीर किंचित मागे, सीटकडे टेकते. तो झोका जाणवेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. त्यानंतर मनात तीन आकडे मोजायचे आणि त्या वेळात मान फिरवायची. कायद्यात तीन सेकंदांचा उल्लेख नाही, ती केवळ सवय लागावी म्हणून केलेली युक्ती आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. असा प्रामाणिकपणा शिक्षकात असला की, शिकणाऱ्याला नियम कोणता आणि सराव कोणता हे वेगळे कळते.

मान फिरवण्याचा क्रम उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे असा आहे. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्यासमोरून जाणारी पहिली वाहने उजवीकडून येतात, आणि डावीकडे पाहत असताना उजवीकडचे चित्र बदललेले असते. गाडीच्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब किती झाकतात, हा धडा तर मी विसरणार नाही. सरांनी गाडी थांबवली, आपल्या मदतनिसाला स्कूटर घेऊन आडव्या रस्त्यावर वीसेक मीटरवर उभे केले आणि मुलीला सीटवर सरळ बसून पाहायला सांगितले. उजव्या खांबामागे माणसासकट पूर्ण स्कूटर नाहीशी झाली होती. मग त्यांनी तिला पुढे वाकायला सांगितले, तेव्हा ती दिसली. म्हणूनच पाहताना नुसते डोळे फिरवून चालत नाही, कमरेतून पुढे-मागे हलावे लागते. नागपुरात निम्म्याहून अधिक वेळा समोरून येणारे वाहन दुचाकीच असते, त्यामुळे हा धडा येथे फारच मोलाचा आहे.

रेषेवर थांबून काहीच दिसत नसेल तर काय करायचे, हा प्रश्न खामल्याकडच्या एका कोपऱ्यावर आपोआप उभा राहिला. तेथे कडेला भाजीचे ठेले लागतात आणि त्यांच्यामागे उभ्या केलेल्या गाड्या असतात. अशा वेळी आधी रेषेवर पूर्ण थांबायचे, मग हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, पावलापावलाने दिसेल तेथपर्यंत सरकायचे आणि तेथे पुन्हा थांबायचे. पहिले थांबणे पादचाऱ्यांसाठी असते, दुसरे वाहनांसाठी. दोन्ही लागतात. पुढे एखादी गाडी थांबून निघून गेली, म्हणून तिच्या मागोमाग निघता येत नाही. रेषेवर आल्यावर आपल्यालाही स्वतंत्रपणे थांबावे लागते.

निघायचे केव्हा, याचा हिशेब त्यांनी आकड्यांत समजावला आणि मला तो पटला. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. उभ्या गाडीला दोन लेनचा रस्ता पूर्ण ओलांडायला सुमारे चार सेकंद लागतात, आणि शिकाऊ हाताला त्याहून जास्त. म्हणजे ती मोटारसायकल ६५ ते ७० मीटरवर असताना आपण निघालो, तर ती नेमकी आपल्या दारापाशी येऊन पोचेल. शिकणाऱ्याने तर इंजिन मध्येच बंद पडण्याचीही जागा धरावी. सर विजेच्या खांबांवरून अंतर मोजायला शिकवतात. दोन खांबांमधले अंतर साधारण ३० मीटर धरायचे आणि तीन-चार खांब मोकळे दिसेपर्यंत जागचे हलायचे नाही.

दुभाजक असलेला रस्ता ओलांडून उजवीकडे वळायचे असेल, तर तो दोन रस्त्यांसारखा समजायचा. दुभाजकाच्या फटीत आपली गाडी पूर्ण मावत असेल तरच अर्धे अंतर जाऊन तेथे थांबावे. मावत नसेल, तर दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या होईपर्यंत गल्लीतच थांबावे. अर्धी गाडी फटीत आणि अर्धी रस्त्यावर अशी उभी केलेली वाहने आपण रिंग रोडवर रोज पाहतो.

पहिला हक्क कोणाचा, या विषयावर शाळेची शिकवण नेमकी आहे. मुख्य रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यायचे. मुख्य रस्ता कोणता हे ठरत नसेल आणि सिग्नल किंवा पोलीस नसेल, तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला प्राधान्य द्यायचे. हे तिन्ही नियम एका जागी पाहायचे तर लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक आहे. इतके रस्ते एकत्र येतात की, नुसत्या धिटाईवर तेथून गाडी काढायला शिकलेला माणूस दुसऱ्या कोणत्याही चौकात तसाच वागेल. सरांनी मुलीला तेथे पहाटे नेले, एका बाजूला उभे केले आणि गाडी न चालवता फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहून आता कोणी थांबायला हवे होते ते सांगायला लावले. माझ्या मते पूर्ण अभ्यासक्रमातला हा सर्वांत चांगला तास होता.

हल्ली मुले घरी व्हिडिओ पाहून येतात आणि त्यातले बरेच अमेरिकेतले असतात. तेथे चारही बाजूंना थांबा फलक असलेले चौक पुष्कळ आहेत आणि जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. तेथील वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे वळणांचा हिशेबही उलटा होतो. ते नियम येथे लावले तर घोटाळा होईल. शाळेने हा मुद्दा पहिल्याच वर्गात काढला, हे चांगले केले. सिग्नलवर डावीकडे वळायला नेहमी मोकळीक असते, हा आपल्याकडचा समजही त्यांनी खोडून काढला. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तरच लाल दिव्यावर डावीकडे वळता येते, आणि तेव्हाही पादचाऱ्यांना आधी जाऊ द्यावे लागते.

नागपूरच्या उन्हाळ्याने या विषयाला आणखी एक बाजू दिली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुचाकीस्वारांना उन्हात उभे राहावे लागू नये म्हणून काही चौकांतले सिग्नल दुपारी बंद ठेवले जातात. काही मोठ्या चौकांत हिरव्या जाळीचे मांडवही घातले जातात. सोय माणुसकीची आहे, परंतु सिग्नल बंद झाला की, तो चौक नियम नसलेला चौक होतो, असे अनेकांना वाटते. वास्तविक तेथे मुख्य रस्त्यावरील वाहनांना, आणि मुख्य रस्ता ठरत नसेल तर उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याचा नियम लागू होतो. रात्री उशिरा दिवे लुकलुकत असतात, त्याचाही अर्थ ठरलेला आहे. लुकलुकणारा पिवळा म्हणजे जपून पुढे जा, लुकलुकणारा लाल म्हणजे थांबा फलकाप्रमाणे पूर्ण थांबा, पाहा आणि मग जा. हे तक्त्यावर शिकवले गेले. शाळेचे वर्ग सकाळचे असल्यामुळे प्रत्यक्ष पाहायला मात्र मिळाले नाही.

शिकाऊ चालकाची खरी परीक्षा मागून वाजणारा हॉर्न घेतो. थांबा रेषेवर आपण नियमाने उभे असतो आणि मागचा अधीर होतो. दोन्ही बाजूंनी दुचाकी निसटून पुढे जातात, एखादी ई-रिक्षा बोनेटसमोर तिरकी येऊन उभी राहते. मुलीचे हात अशा वेळी थरथरत. शंकरनगरकडे जाताना एका वळणावर मागची गाडी सारखी हॉर्न देत होती, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “तो वाजवून राहिला तर वाजवू द्या. त्याला समोरचं दिसून नाही राहिलं, आपल्याला दिसून राहिलं. ठरवणार आपण.” नंतर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली, पाणी प्यायला लावले आणि पुन्हा त्याच वळणावर नेले. पालकांनी मागे बसून काय करायचे याचाही त्यांचा नियम आहे. मला आधीच सांगून ठेवले होते, “काकू, मधात बोलायचं नाही.” शिकणाऱ्याच्या कानात दोन आवाज गेले की, तो कोणाचेच ऐकत नाही, हे त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे.

डावीकडे वळताना थांबल्यानंतर आपल्या आणि फुटपाथच्या मध्ये एखादी सायकल किंवा स्कूटर शिरली आहे का, हे डाव्या आरशात आणि मान वळवून पाहण्यावर त्यांनी भर दिला. चढावर थांबल्यावर हँडब्रेक लावून, क्लचने गाडी जोर धरेपर्यंत तो हँडब्रेक न सोडण्याचा सराव सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर करून घेतला. नागपूर सपाट शहर आहे, त्यामुळे अनेक शाळा हा भाग वगळतात.

आता उणिवा. मुख्य शिक्षक रजेवर असताना जे दुसरे शिक्षक येत, त्यांची पद्धत वेगळी होती. ते “चला, चला, कोणी नाही, काढा” असे म्हणून गाडी न थांबवता पुढे घ्यायला लावत, आणि चौक आला की हॉर्न द्यायला सांगत. चार दिवसांत कष्टाने लागलेली सवय एका सकाळीत ढिली पडू शकते. एकाच शाळेत दोन शिक्षकांनी दोन गोष्टी शिकवाव्यात हे अक्षम्य आहे. मी संचालकांशी बोलले, त्यांनी ऐकून घेतले आणि पुढचे वर्ग मुख्य शिक्षकांकडेच ठेवले. परंतु जे बोलत नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट दुसऱ्या ब्रेकची. शिक्षकाचा पाय पटकन पडला की, गाडी रेषेवर छान थांबते आणि शिकणाऱ्याला वाटते की ती आपणच थांबवली. मुख्य शिक्षक प्रत्येक वेळी “हा ब्रेक माझा होता” असे सांगत, ते अतिशय योग्य होते. पालकांनी किंवा विद्यार्थ्यांनी हे आवर्जून विचारावे, कारण ज्या दिवशी शेजारी शिक्षक नसेल त्या दिवशी हा हिशेब लागतो.

नियमांनुसार खासगी वापराच्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तासांचे असावे लागते. शाळा दिवस पूर्ण करते, पण एका फेरीत दोन विद्यार्थी घेते आणि अर्ध्या तासातली काही मिनिटे जागा बदलण्यात आणि दुसऱ्याला घरी सोडण्यात जातात. हाताशी घड्याळ ठेवून पाहिले तर स्टिअरिंगवरचा वेळ जाहिरातीपेक्षा कमी भरतो. रात्रीचा एकही वर्ग नाही. पावसात गाडी काढली जात नाही, आणि नेमके पावसातच थांबायला जास्त अंतर लागते, रेषा दिसत नाही आणि काचेवर वाफ धरते. शेवटच्या आठवड्यात तर सगळा भर आरटीओच्या चाचणीवर गेला. आठ काढणे, रिव्हर्स घेणे, हाताने इशारे करणे यांतच वेळ संपला. चाचणीसाठी ते लागते, हे मान्य आहे. पण त्या दिवसांत एखादी फेरी तरी बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या, गर्दीत व्हायला हवी होती.

लायसन्सच्या कागदपत्रांबाबत शाळेचे काम चोख आहे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधारच्या साहाय्याने घरूनही देता येते, त्यात किमान ६० टक्के गुण लागतात, ते सहा महिने चालते आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. शहराचे एमएच ३१, ग्रामीणचे एमएच ४० आणि पूर्व नागपूरचे एमएच ४९ अशी तीन कार्यालये असल्यामुळे पत्त्यानुसार कोठे जायचे हे त्यांनी आधीच तपासून दिले. घरी परीक्षा देताना शेजारी बसून कोणी उत्तरे सांगू नयेत, असे मला मनापासून वाटते. चिन्हांचे प्रश्न तेथेच एकदा नीट वाचले जातात, आणि नंतर आयुष्यभर ते तक्ते कोणी उघडत नाही.

कायद्याचा भाग त्यांनी भीती घालण्यासाठी वापरला नाही, पण लपवलाही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये लाल दिवा ओलांडणे, चालवताना मोबाइल हातात धरणे यांच्याच रांगेत थांबा फलकाचे उल्लंघन नावानिशी घातले गेले आहे. दक्ष चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली गेलेले असे वागणे धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आपल्या चौकांत ज्या सहजतेने हा फलक ओलांडला जातो ती पाहता, पुष्कळांना याची कल्पनाच नसावी.

फी आसपासच्या शाळांपेक्षा दीड हजार रुपयांनी जास्त आहे. ती मला जास्त वाटली नाही, कारण टेबलावरचे वर्ग आणि उभे राहून चौक पाहण्याचा तास इतरत्र मिळत नाही. ज्यांना पंधरा दिवसांत लायसन्स हातात हवे आहे, त्यांना ही शाळा संथ वाटेल. ज्यांचे मूल पहिल्यांदा स्टिअरिंग धरत आहे, किंवा ज्या गृहिणी अनेक वर्षांच्या दुचाकीनंतर चारचाकीकडे वळत आहेत, त्यांना मी ही शाळा निश्चित सुचवेन. मात्र मुख्य शिक्षकच मिळतील अशी अट आधी घालून घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या फेरीत मागे बसू देण्याची विनंती करावी आणि पहिल्या बिनसिग्नलच्या चौकात गाडीची चाके पूर्ण थांबतात का, एवढेच पाहावे. या शाळेने आमची अशी विनंती लगेच मान्य केली होती. त्याच आठवड्यात पाहिलेल्या दुसऱ्या एका शाळेने ती नाकारली.